चौघांचा जावा प्रोजेक्ट, विषय हळदीचा सौदा : काम कसं वाटायचं?

मिरज_सेम४
आम्ही चौघं, हाताशी सहा आठवडे. विषय सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा : आवक, लॉट (एका शेतकऱ्याचा एकत्र विकायचा माल), बोली, वजन, शेतकऱ्याची पट्टी (कपाती वजा करून हाती येणाऱ्या रकमेचा हिशेब). एकाकडं स्क्रीन, एकाकडं डेटाबेस, एकाकडं क्लास, एकाकडं रिपोर्ट. राजापुरी, सेलम या हळदीच्या जाती हळद क्लासचे सबक्लास (त्याच्यापासून निघालेले उपक्लास) केलेत. सौदामॅनेजर क्लास ७०० ओळींवर गेलाय आणि दर मर्जला (सगळ्यांचा कोड एकत्र करताना) त्याच फाइलीत कॉन्फ्लिक्ट. सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ
वाटणीपासून. अशानं डिझाइन एकटाच शिकतो, बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. व्यवहारानुसार वाटा : आवक-लॉट, बोली, वजन-कपाती, पट्टी. ज्यानं त्यानं आपल्या भागाचे क्लास, टेस्ट आणि स्क्रीन, तिन्ही लिहायचं.

त्याआधी एक दुपार लॅपटॉप बंद ठेवून सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं करा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. कार्डावर वर क्लासचं नाव, डावीकडं त्याची जबाबदारी, उजवीकडं तो कुणाची मदत घेतो. मग लॉट गेटातून आत आल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंतचा व्यवहार कार्डं हातात धरून चालवा. "पोती किती?" याचं उत्तर लॉटचं कार्ड धरलेल्यानं दिलं पाहिजे. दर वेळी सौदामॅनेजरच बोलत असेल, तर ७०० ओळी का झाल्या ते तिथंच कळतं : लॉटमध्ये नुसते गेटर-सेटर (माहिती देणाऱ्या-भरणाऱ्या मेथड), अक्कल सगळी मॅनेजरात.

पलूस_कोडर
राजापुरी आणि सेलम वागतात वेगळं का? नाही. मग सबक्लास कशाला, लॉटमध्ये एक एनम (ठरावीक नावांची यादी) पुरे. पॉलिमॉर्फिझमची (एकच मेथड, प्रत्येक क्लासचं उत्तर वेगळं) खरी जागा कपाती. कपात इंटरफेसला (क्लासनं कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) एकच मेथड : लॉट आणि विक्रीची रक्कम घेऊन कपातीची रक्कम देणारी. पोत्यामागची कपात हा एक क्लास (हमाली, तोलाई म्हणजे वजन करण्याची मजुरी, त्याचेच ऑब्जेक्ट, दर तेवढा वेगळा), टक्केवारीची दुसरा. पट्टी कपातींच्या यादीतल्या प्रत्येकीला रक्कम विचारते, इफ-एल्सची माळ लागत नाही. दर किती आणि कपात कुणाकडून, हे यार्डात विचारून कॉन्फिग फाइलीत ठेवा.

पैशाला डबल (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) नको. जावात ०.१ + ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. बिगडेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा जावाचा क्लास) घ्या, तोही स्ट्रिंगवरून बनवलेला. तुलना कम्पेअरटूनं, कारण इक्वल्स २.० आणि २.०० वेगळे धरतं.

पहिली टेस्ट कागदावर मांडा (दर मानलेले) : १० पोती, ५.१२५ क्विंटल, क्विंटलला दर १४,०००, विक्री ७१,७५०. पोत्याला हमाली ८, तोलाई ३, म्हणून ११० वजा. पट्टी ७१,६४०.

मिरज_सेम४
कपातीचा कोड होईस्तोवर पट्टीवाल्यानं थांबायचं का दादा?

कृष्णाकाठ
अजिबात नाही. इंटरफेस पहिल्याच आठवड्यात मेन ब्रँचवर (सगळ्यांच्या सामायिक कोडवर) टाका. पट्टीवाला नेहमी १०० परत देणाऱ्या खोट्या कपातीवर काम करेल. दुसऱ्या आठवड्याअखेर एक लॉट, एक बोली, एक पट्टी कन्सोलवर निघालीच पाहिजे, स्क्रीन नंतर. ब्रँच दोन दिवसांपेक्षा जुनी होऊ देऊ नका आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय मर्ज नाही.

पलूस_कोडर
एक राहिलं. लॉटच्या अवस्था (आवक, बोली, वजन, पट्टी) लॉटच्या आतच सांभाळा. वजनाआधी पट्टी मागितली तर एक्सेप्शन (चूक सांगून काम थांबवणं) यायला हवं. ही टेस्ट बहुतेक गट विसरतात, आणि व्हायव्हात सर नेमकं तेच बटण आधी दाबतात.