दिसल्याची खात्री कुठून येते? अल्फा लहरींचा संबंध आहे का?

ईईजीवाली_ताई:
अकरा वर्षं ईईजी काढतेय, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख. तेल लावून येऊ नका म्हणून सांगितलं तरी निम्मे पेशंट चापून तेल लावून येतात, मग पुसत बसायचं. पेशंट डोळे मिटून शांत पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-१ आणि ओ-२ या तारांच्या जागांवर, अल्फा लहर सुरू होते, सेकंदाला ८ ते १३ लाटा. "डोळे उघडा" म्हटलं की विरते. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने हे १९२९ मध्ये छापलं, मी रोज बघते.

प्रश्न बाबांमुळे पडलाय. गुरुवारी तिन्हीसांजेला त्यांनी स्कूटरला करकचून ब्रेक मारला. मी मागे होते. म्हणाले, कुत्रं आडवं गेलं. रस्ता रिकामा होता. ते अजून शपथेवर सांगतात, भाऊ म्हणतो थापा आहेत. मला ते खोटं बोलताहेत असं वाटत नाही.

मेंदूचा_विद्यार्थी:
संबंध आहे. २०१७ मध्ये जेसन समाहा हा संशोधक आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंधूक पट्ट्या क्षणभर दाखवल्या. त्या कुठे कलल्यात आणि तुम्हाला किती खात्री आहे, दोन्ही विचारलं. पट्ट्या दिसण्याच्या जरा आधी अल्फा कमी असेल तर लोक जास्त खात्रीने सांगायचे. बरोबर उत्तरं मात्र वाढली नाहीत!

तुमच्याच मशीनवर सेन्सिटिव्हिटी (लाटा किती मोठ्या दिसाव्यात ते) वाढवली की लाटांसोबत स्नायूंची खरखरही मोठी दिसते ना? अल्फा कमी असताना दृष्टीच्या भागाचं असंच काहीसं होतं, असं मानतात. समोर काही नसतानाही "दिसलं" म्हणणं वाढतं. पण हे पुष्कळ वेळा दाखवून, सरासरी काढल्यावर कळतं. त्या गुरुवारी बाबांचा अल्फा कसा होता, ते यावरून सांगता येणार नाही.

चष्मेघर:
आधी मोतीबिंदू तपासून घ्या. संध्याकाळच्या उजेडात तो फार फसवतो. तोवर स्कूटर तुम्ही चालवा.

ईईजीवाली_ताई:
सेन्सिटिव्हिटीचं लगेच पटलं, ती खरखर रोज डोळ्यांसमोर असते. भावाला वाचून दाखवलं, तो गप्प झाला. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. बाबा म्हणाले, "येतो. पण कुत्रं होतं."