मुलांच्या सामन्यांत पालकांना सीमारेषेवर उभे राहू द्यावे का?

धागाकर्ती

मुलांच्या सामन्यांत पंचाला शिवीगाळ झाली, कोणी त्याच्या अंगावर धावून गेले किंवा थेट मारामारी झाली, की आपण ‘काही माथेफिरू पालक’ असे म्हणून विषय मिटवतो. मला हे पटत नाही. २००० सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलांच्या आइस हॉकीच्या सरावावर एक वडील देखरेख करत होते. खेळ फार आडदांडपणे चालला आहे, अशी तक्रार दुसऱ्या एका वडिलांनी त्यांच्याकडे केली. शब्दाने शब्द वाढला आणि तक्रार करणाऱ्याने समोरच्याला मुलांच्या देखत इतके मारले, की त्यात त्याचा जीव गेला. २००२ मध्ये न्यायालयाने मारणाऱ्याला मनुष्यवधासाठी ६ ते १० वर्षांची शिक्षा सुनावली. मुलांना इजा होऊ नये, या काळजीतून सुरू झालेले बोलणे खुनशी मारहाणीपर्यंत पोहोचले, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

माझे म्हणणे असे, की मारहाण ही शेवटची पायरी असते आणि तिच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या आपण सर्वांनी मिळून चालू दिलेल्या असतात. पंचाच्या निर्णयावर ओरडणे आपण खेळाचाच भाग मानतो. प्रतिस्पर्धी संघातील दहा वर्षांच्या मुलाला उद्देशून ‘पाड त्याला’ असे ओरडणाऱ्या माणसाकडे पाहून आपण फार तर कसनुसे हसतो. अशा सामन्यात मुलांकडे नीट पाहावे. चेंडू पायाशी आला, की पुढे कोण मोकळा आहे हे पाहण्याऐवजी मूल आधी सीमारेषेकडे पाहते, आणि तेवढ्यात चेंडू दुसऱ्याने नेलेला असतो. म्हणून १२ वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत पालकांना सीमारेषेवर मुळीच उभे राहू देऊ नये, अशी माझी सूचना आहे. यावर मतभेद असतील, तर ते जरूर मांडावेत.

प्रतिसाद : एक पालक

ठाम असहमत. पालकांना दूर ठेवणे मुलांच्या हिताचे आहे, हे वाक्य मुलांवर अत्याचार करणाऱ्यांनीही सोयीने वापरलेले आहे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने, लॅरी नासरने, उपचारांच्या नावाखाली मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण आठवावे. टेक्सासमधील ज्या शिबिरात राष्ट्रीय संघातील मुलींचा सराव होई, तिथे पालकांना प्रवेश नव्हता. मुली वर्षानुवर्षे सांगू शकल्या नाहीत आणि ज्यांनी सांगितले, त्यांचे कोणी ऐकले नाही. २०१८ च्या जानेवारीत १५० हून अधिक स्त्रियांनी न्यायालयात आपले अनुभव मांडले, तेव्हा त्या व्यवस्थेचे खरे रूप जगापुढे आले. पालकांच्या उपस्थितीने सगळे अत्याचार टळतात, असा माझा दावा नाही. पण मैदानावर आपल्या मुलाचा माणूस असणे, हे मुलाच्या हाती असलेले पहिले संरक्षण आहे. ओरडणाऱ्या चार माणसांसाठी ते सगळ्यांकडून काढून घेणे अन्याय्य होईल.

प्रतिसाद : मुलांच्या फुटबॉलचा पंच

वर संरक्षणाचा मुद्दा आला आहे, म्हणून विचारतो, की पंचाचे संरक्षण कोणी करायचे? वाचकांपैकी अनेकांना कल्पना नसेल, पण लहान मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी अनेकदा स्वतःच शाळकरी वयाची असते. पंचगिरी शिकण्याची सुरुवात याच सामन्यांपासून होते. चाळिशीतला माणूस ऑफसाइडच्या एका निर्णयावरून चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडासमोर बोट नाचवत असेल, तर तो प्रौढाने अल्पवयीन मुलीला दिलेला त्रास आहे, आणि तो मैदानाबाहेर घडला असता तर आपण त्याला तेच म्हटले असते.

याचा परिणामही उघड आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या स्पर्धांतून २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सुमारे ५०,००० पंच कमी झाले, असे तिथल्या राष्ट्रीय शालेय क्रीडा महासंघाने सांगितले. महामारी हे त्याचे एक कारण होते, हे खरे. पण पंचगिरी सोडणारे जी कारणे सांगतात, त्यांत प्रेक्षकांचे आणि पालकांचे वर्तन कायम वर असते. नेदरलँड्समधील अल्मेरे येथे २०१२ च्या डिसेंबरमध्ये आपल्या मुलाच्या सामन्यात स्वयंसेवक म्हणून लाइन्समन झालेल्या एका वडिलांना सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातील मुलांनी लाथाबुक्क्यांनी मारले, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. २०१३ मध्ये ज्यांना शिक्षा झाली, त्यांत अल्पवयीन खेळाडूंबरोबर त्यांच्यापैकी एकाचे वडीलही होते, आणि त्यांना ६ वर्षांची कैद झाली. त्या घटनेनंतरच्या शनिवार-रविवारी तिथल्या महासंघाने देशभरातील हौशी सामने रद्द केले. मुले हे कुठून शिकली, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

प्रतिसाद : क्रीडाप्रेमी

आपण टोकाच्या घटनांवरून सर्वसाधारण नियम काढत आहोत, असे मला वाटते. बहुसंख्य पालक पहाटे उठून मुलांना मैदानावर नेतात, उन्हापावसात उभे राहतात, हरलेल्या मुलाला जवळ घेतात. त्यांच्या ओरडण्यात जिव्हाळा असतो. खेळात आवाज असणारच. नि:शब्द मैदानावर खेळणाऱ्या मुलाला आपला खेळ कोणालाच महत्त्वाचा वाटत नाही, असे वाटले, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? मारहाण करणाऱ्यावर फौजदारी कारवाई करावी, त्याला मैदानावर कायमची बंदी घालावी. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाकीच्यांना मात्र सोडावे.

धागाकर्ती

जिम्नॅस्टिक्सचा मुद्दा मी गंभीरपणे घेते. पण सराव बंद दाराआड होणे आणि उघड्या मैदानावरच्या सामन्यात पालकांना सीमारेषेपासून मागे ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांना मूल दिसत राहावे, पण त्यांचा आवाज त्याच्या कानात जाऊ नये, एवढेच मी मागते आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये पंचांच्या सन्मानासाठी जी मोहीम सुरू केली, तिच्यात प्रेक्षकांसाठी वेगळी जागा आखून त्यांना रेषेपासून मागे ठेवण्याची पद्धत आहे. तिने सगळे प्रश्न सुटले नाहीत, तरी पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्याला मधली दोरी ओलांडावी लागते आणि आपण काय करतो आहोत, हे त्याला व इतरांनाही त्याच क्षणी दिसते.

जिव्हाळ्याच्या मुद्द्याबद्दल मात्र मी असहमत आहे. फ्रान्समधील एका टेनिसपटू मुलाचे वडील आपल्या मुलांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्याच्या बाटल्यांत गुंगीचे औषध मिसळत होते. २००३ मध्ये त्यांच्या मुलाशी खेळलेला एक तरुण घरी परतताना गाडी चालवता चालवता अपघातात मरण पावला, आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्या वडिलांना ८ वर्षांची शिक्षा दिली. इथे क्षणिक संतापाचा प्रश्नच नव्हता. त्या माणसाचेही मुलांवर प्रेम होतेच. म्हणून पालकांच्या मनात काय आहे हे पाहू नये, मुलाच्या वाट्याला काय येते आहे ते पाहावे.

प्रतिसाद : माजी प्रशिक्षक

दोरी बांधल्याने राग जात नाही, तो जागा बदलतो. टेनिसपटू मेरी पिअर्सच्या वडिलांवर महिला टेनिस संघटनेने १९९३ मध्ये बंदी घातली. येलेना डोकिचच्या वडिलांवर २००० मध्ये तशीच बंदी आली. स्टेडियम शांत झाले, पण येलेनाने २०१७ मध्ये आत्मचरित्र लिहिले, तेव्हा वडील घरी आणि प्रवासात आपल्याला कसे मारत असत, हे जगाला कळले. प्रेक्षकांना दिसत होते ते त्या हिंसेचे टोक होते. सामना हरल्यावर परतीच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला जे ऐकावे लागते, त्याला कोणत्या दोरीने अडवणार?

मूळ इलाज स्पर्धेच्या रचनेत आहे. नॉर्वेने मुलांच्या खेळासाठी १९८७ मध्येच नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार मूल ११ वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी नसते आणि १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नसतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या सामन्याला शिष्यवृत्ती, निवड आणि कारकीर्द यांचे ओझे चिकटवले, तर पालक त्या सामन्याकडे आयुष्याची परीक्षा म्हणून पाहणारच. ओझे काढा, मग ओरडण्यासारखे फारसे उरणार नाही.

प्रतिसाद : क्रीडाप्रेमी

गुणतक्ता छापला नाही, तरी गोल मोजायचे कोणी थांबत नाही. मुले स्वतःच मोजतात आणि त्यात गैर काहीच नाही. हरण्याची सवय लहानपणी लागली नाही, तर ती पुढे कधी लागणार?

प्रतिसाद : मुलांच्या फुटबॉलचा पंच

हरण्याची सवय मुलांना बहुधा असते. पुढच्या काही मिनिटांत ती दुसऱ्या खेळाकडे वळतात. रेंगाळत राहतात ते मोठे. रचनेचा बदल मला मान्य आहे, पण तो व्हायला वर्षे लागतील आणि पुढच्या रविवारी शिट्टी माझ्या हातात असणार आहे. न्यू जर्सीतील डेप्टफर्ड येथील मुलांच्या बेसबॉल लीगने २०२३ मध्ये एक नियम केला: पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी स्वतः तीन सामन्यांत पंचगिरी करायची, तोवर त्याला मैदानावर प्रवेश नाही. मला हा नियम आवडतो. त्यात मुलाला शिक्षा होत नाही, पालकाचा अपमानही होत नाही आणि तीन सामने त्याला तिथे उभे राहावे लागते, जिथून सगळे सोपे दिसत नाही.

प्रतिसाद : एक पालक

या नियमाला माझाही पाठिंबा आहे, पण एका अटीवर. ज्याने हात उचलला आहे, त्याला हा पर्याय देऊ नये, कारण ज्याच्यावर राग अनावर झाल्याची नोंद आहे, त्याच्या हाती मुलांच्या सामन्याची सूत्रे देणे मला धोक्याचे वाटते. शिवीगाळीला पंचगिरी आणि मारहाणीला पोलीस, अशी रेघ स्पष्ट लिहून मोसमाच्या आधी प्रत्येक पालकाची सही घ्यावी. दोरीविषयी मात्र माझा विरोध कायम आहे.