मंडईच्या तोंडावर नागपूरच्या सभागृहात नाटक पाहायला जावं का?

मास्तरीण, नागभीड तालुका

हलका धान कापून झाला, भारी अजून बांधीत उभा आहे. अशा दिवसांत आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि गावात दोन तट पडले, म्हणून इथं मांडते.

नागपूरला हिवाळा म्हणजे कार्यक्रमांचा मोसम. सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह यांच्या येत्या महिन्याभराच्या जाहिराती एकीने मोबाइलवर दाखवल्या. नाट्यसंगीताची मैफल, मुंबईहून येणारं दोन अंकी नाटक, गझलांची संध्याकाळ. बाया म्हणाल्या, सतरा सीटची ट्रॅव्हलर करू. एक नाटक आणि एक गाण्याचा कार्यक्रम पाहू. अर्धा खर्च गटाच्या नफ्यातून, अर्धा जिचा तिने.

विरोध असा की याच पंधरवड्यात गावची मंडई आहे, म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा आणि रात्रभराचं नाटक. मंडळाने गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटक कंपनीचं नाटक ठरवलंय, वर्गणी अजून पुरी झाली नाही, आणि तुम्ही पैसा नागपूरला घेऊन चालल्या.

माझं मत, जावं. आणि त्याचं कारण आमच्या नाटकात काही कमी आहे हे नाही. मंडईच्या रात्री माझ्या घरी पंधरा-वीस पाहुणे असतात. पडदा दहाला वर जातो. भांडी आवरून मी पोचते तेव्हा पहिला अंक गेलेला असतो, आणि पहाटे चहाचं आधण ठेवायला शेवटच्या अंकातून उठते. लग्नाला एकवीस वर्षं झाली. गावच्या नाटकाचा शेवट मी एकदाही पाहिलेला नाही. सकाळी दीर सांगतात तेव्हा कळतं, खलनायकाचं काय झालं.

काही वर्षांमागे सासूबाईंना नागपूरला एका मैफलीला नेलं होतं. गायिका बसली, तानपुरे जुळवायला लागली. पाच-सात मिनिटं झाली असतील. सासूबाई कानाशी लागून म्हणाल्या, ‘गाणं सुरू झालं का गं?’ मी म्हटलं, नाही, अजून सूर लावताहेत. ‘मग एवढे लोक गप कसे?’ आणि मग त्याही गप झाल्या. तीन तास कोणी त्यांना पाणी मागितलं नाही, कोणासाठी उठावं लागलं नाही. ती तीन तासांची बैठक मला गटातल्या प्रत्येकीला मिळालेली पाहायची आहे.

झाडीचा गडी

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तरी सांगतो, मंडईच्या तोंडावर गावातला पैसा बाहेर नेणं बरोबर नाही.

आमी मंडळवाले पोळ्यापासून हिंडून राहिलो. वडसाले दोन चकरा झाल्या. तिथं नाटक कंपन्यांच्या ऑफिसात बसून तारीख पक्की करा, बयाना द्या, मग गावात येऊन शामियान्याचं पाहा, तट्टे लावा, तिकिटं छापा. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत, हेच चालते. हे सारं तिकिटावर उभं आहे. नट, नटी, ऑर्गनवाला, तबलेवाला, पडदे ओढणारा, भज्याचा ठेला लावणारा, साऱ्यांची चूल त्याच्यावर पेटते. एका रात्रीचं तिकीट कमी खपलं का पुढच्या वर्षी मंडळ हात आखडते, आणि एकदा खंड पडला का नाटक परत उभं करणं लय जड जाते.

दुसरी गोष्ट मनाले लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तेव्हा साऱ्या महाराष्ट्राले झाडीपट्टी आठवली. पण नागपूरचे किती लोक रात्रभर आमच्या शामियान्यातल्या गादीवर येऊन बसते? आपणच का धावायचं दर वेळी?

तबल्याचा नाद

मी अकरा मोसम झाडीपट्टीत तबला वाजवला. रंगमंचासमोर खाली बसून वाजवायचा. नटाने पद उचललं की त्याच्या गळ्यावर नजर ठेवायची, कारण थंडीत पट्टी कधी उतरेल याचा भरवसा नसतो. म्हणून गडीभाऊंची कळकळ मला कळते.

पण एक उघड बोलतो. आपल्या नाटकात मधल्या वेळेला रेकॉर्डवर नाच घुसले आणि पदं कमी झाली. दोन तास नाचात गेले तर वादकाला काम काय? पोरं नवी येतात, हात चांगला असतो, पण समोर बसून मैफल ऐकलेली नसते. ठेका धरतात, गाण्यासोबत श्वास घेत नाहीत. माझ्या मते त्या ट्रॅव्हलरमध्ये बायांबरोबर गावातला पेटीवाला आणि तबलेवाला पोरगाही बसला पाहिजे.

आणि ‘आपण का धावायचं’ हे मला पटत नाही. ज्यांचं नाव सभागृहाला आहे ते वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. १९२० चा जन्म. नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, पुढे जिथं मिळेल तिथून गाणं उचललं, आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’तला खाँसाहेब उभा केला. सुरेश भट अमरावतीचे. ही नावं आपल्याच मातीतली. त्या दारातून आत जाताना परक्याच्या घरी चाललो असं मला कधी वाटलं नाही.

उमरेड रोड

मैफल, नाटक सगळं ठीक. परतीचं कोण बोलणार? प्रयोग संध्याकाळी साडेसहाचा म्हटला तरी सुटायला साडेनऊ. नागभीडहून नागपूर शंभर किलोमीटरच्या घरात. जेवून निघालात तर भिवापूरच्या पुढे यायला मध्यरात्र, धुकं आणि जंगलाचा रस्ता. नागभीड-इतवारी छोटी रेल्वेगाडी २०१९ साली रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद झाली तेव्हापासून मी तर संध्याकाळचा कार्यक्रम सोडूनच दिला. मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमाला गेलो, तासभर उशिरा सुरू झाला. मध्यंतरातच उठून आलो. अर्धं नाटक मीही पाहिलेलं आहे, ताई.

माझा विरोध जाण्याला नाही, नेहमी आपणच जाण्याला आहे. तालुक्याच्या ठिकाणी चारशे-पाचशे खुर्च्यांचं, बरा आवाज आणि बरे दिवे असलेलं सभागृह का नको? लग्नाचे हॉल पाहा किती झाले. तिथं बोललेलं तिसऱ्या रांगेत घुमतं. असं सभागृह झालं तर मुंबईचं नाटक नागपूर करून दुसऱ्या दिवशी इकडे येऊ शकेल, आणि आपल्या पोरांनाही उभं राहायला जागा होईल. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आपली पोरं चंद्रपूरला जातात. तालमी करतात कुठे? शाळेच्या व्हरांड्यात.

झाडीचा गडी

तबलेवाले भाऊ, नाचाचं बोललात ते खरं आहे. मंडळात दर वर्षी त्याच्यावर भांडण होते. ज्यांनी वर्गणी जास्त दिली ते नाच मागते.

पण ताईंनी पाहुण्यांचं लिहिलं, ते मले मान्य नाही. मंडई नुसती नाटकासाठी नसते. लेकी माहेरी येते, सोयरे भेटते, पोरापोरींची सोयरीक त्याच दोन दिवसांत जुळते. माझ्या बहिणीचं तसंच जुळलं. घर भरलेलं असणं हीच मंडई. त्याले ओझं कसं म्हणावं?

पळसगावची सून

भाऊ, ओझं कोणी म्हटलं नाही. पाहुणे आम्हालाही हवेत. माझी आई आणि भाऊ मंडईलाच येतात, वर्षातून एकदा. पण तुमच्या बहिणीची सोयरीक जुळली त्या रात्री तुमची आई कुठे होती, ते सांगा. शामियान्यात का चुलीपाशी?

तुम्ही बायांचं तिकीट कमी ठेवता, गादीवर वेगळी जागा ठेवता, त्याचा मान आहे. त्या जागेवर आम्ही बसतो किती वेळ, हे कधी मोजलं का? मागच्या वर्षी मी दोनदा घरी जाऊन आले. एकदा सासऱ्यांची गोळी, एकदा पोराचं स्वेटर. दुसऱ्यांदा परतले तर गादीवर कोणीतरी झोपलं होतं.

नागपूर शंभर किलोमीटर लांब आहे, म्हणूनच मला जायचं आहे. तिथून कोणी हाक मारून बोलावू शकत नाही.

झाडीचा गडी

आई चुलीपाशीच होती. पहाटे तीन-साडेतीनले आली. तोवर माझ्या मामानं बोलणी उरकली होती.

यंदा मंडईच्या रात्री चहाचं काम मंडळ पाहते. शामियान्याच्या मागं चहाचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढवू, ज्यांचे पाहुणे त्यांनी तिथं घेऊन यावं. उद्याच्या बैठकीत मांडतो. पण गटाच्या नफ्यातून नागपूरचं भाडं देणं मले अजूनही पटत नाही. जायचं तर आपापल्या पैशानं जा.

उमरेड रोड

चहा मंडळाने केला तर मी रात्रभर गंजापाशी उभा राहीन, लिहून ठेवा. आणि ताई, रविवारचा दुपारचा प्रयोग असेल तर तोच धरा. चारचा असला तर दहापर्यंत घरी याल. गाण्याच्या कार्यक्रमाला मात्र त्याच रात्री परतू नका, नागपूरला कोणाकडे तरी मुक्काम करा.

मास्तरीण, नागभीड तालुका

तारखा पाहिल्या. नाटकाचा दुपारचा प्रयोग मंडईनंतरच्या रविवारी आहे, तोच धरला. मैफलीचं मुक्कामाशिवाय जमत नाही. सात जणींच्या घरून अजून होकार नाही, म्हणून ते सध्या बाजूला ठेवलंय. मला त्याचं वाईट वाटतं.

गडीभाऊ, चहाचं वाचून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, साखर आपल्याकडून द्या. गटाची वर्गणी आम्ही नागपूरच्या आधी मंडळाला देऊ, ती तशीही द्यायचीच होती. पण भाड्याचा अर्धा वाटा गटातूनच जाईल. तो नफा बायांनी उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या आणि वड्या वाळवून कमावला आहे. कशावर खर्चायचा हे सतरा जणींनी हात वर करून ठरवलं, आणि मी ते बदलणार नाही.

तबलेवाले दादा, एक सीट रिकामी आहे. पेटीवाल्या पोराला विचारा. गाडी सकाळी अकराला हनुमान मंदिरापासून सुटेल.