पहिल्याच दिवशी 'शिष्ट' ठरू नये म्हणून काय करता? (ऑटिझम + सोशल अँग्झायटी)

चिल_सॅम्पल:
नमस्कार. वय २६, मुलगी, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. गेल्या वर्षी पुण्याच्या सायकॅट्रिस्टनी ऑटिझम आणि सोबत सोशल अँग्झायटी असं लिहून दिलंय. येत्या सोमवारी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या (ओतकामाचा कारखाना) लॅबला जॉइन होतेय, स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते मोजायचं मशीन) आणि सॅन्ड टेस्टिंग (साच्याच्या वाळूची तपासणी). कामाची भीती नाही, काम येतं मला. भीती आहे ती एचआरवाला सगळीकडं फिरवून "ह्या नवीन मॅडम" म्हणून ओळख करून देतो त्या अर्ध्या तासाची.

आधीच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात "मॅडमना लई माज हाय" असं माझ्यामागं ठरून गेलं होतं आणि ते शेवटपर्यंत पुसलं नाही. माज कसला, समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागले की तो काय बोलतोय ते ऐकू येत नाही आणि ऐकायला लागले की डोळे खाली जातात, दोन्ही एकदम जमत नाही. आवाज सपाट येतो, मनातून आनंद झाला तरी तोंडावर काही दिसत नाही. त्यात आपलं कोल्हापूर. ओळख म्हणजे गाव कुठलं, पाहुणे कुठले, जेवलीस काय, आणि लगेच टिंगल. टिंगलीला टिंगलीनंच उत्तर द्यायचं असतं म्हणे, मला ती टिंगल होती हे रात्री घरी आल्यावर कळतं.

सध्या आरशापुढं हसायची प्रॅक्टिस चाललीय. कामावर कुणाला सांगावं का? आई म्हणते अजिबात नको, धाकटीचं बघायचं चाललंय.

भट्टीवाला_बी_शिफ्ट:
ताई मी मेल्टिंगला हाय, ऑटिझमचं मला काय कळत न्हाई, पण लॅबवाल्याबद्दल आमचं मत कसं बनतंय तेवढं सांगतो. मेटल तयार असतंय, सॅम्पल तुमच्याकडं गेलेलं असतंय आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्ही भट्टी धरून बसलेलो असतोय, वीज जळत असती, मागनं साहेब ओरडत असतोय. त्यावेळी जो झटक्यात कार्बन एवढा सिलिकॉन एवढा असं स्वच्छ सांगतोय तो आमचा माणूस, विषय संपला. तो हसतोय का आणि कुठं बघतोय ह्याचं कुणाला पडलेलं नसतंय. आमच्याकडं एक जण लई गोड बोलायचा, चहा पाजायचा, आणि रिपोर्ट मागितला की "देतो की जरा थांबा". त्याला कोण विचारत नव्हतं.

आणि शॉपमधी हेल्मेट, गॉगल, मास्क असतोय, कोण कुणाच्या डोळ्यात बघणार? इअरप्लग तर घालायलाच लागत्यात, नॉकआउटजवळ, म्हंजे साचा फोडून कास्टिंग काढत्यात तिथं, उभं राहून बघा एकदा. पोरं मोठ्यानं बोलत्यात ते त्या आवाजामुळं, रागानं न्हाई. ओळख करून देतील तेव्हा एवढंच म्हणा, "मी कमी बोलते, राग न्हाई कुणावर, काम असलं की हाक मारा." इथली माणसं सरळ सांगितलेलं मनावर घेत न्हाईत, न सांगितलेलं घेत्यात.

उशिरा_कळलेला:
मी ऑटिस्टिक, चाळिशीच्या जवळ आल्यावर कळलं. आधी ती आरशाची प्रॅक्टिस बंद कर बाई. ते हसणं तासभर टिकतं, मग दुपारी डोकं बधिर होतं आणि लोकांना सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी अशा दोन बायका दिसतात.

अमेरिकेत नोआ सॅसन नावाच्या संशोधकाच्या गटाचा २०१७ मधला अभ्यास आहे. ऑटिस्टिक माणसांच्या छोट्या क्लिप बघून लोकांनी काही सेकंदातच त्यांना कमी मार्क दिले, ह्यांच्याशी बोलायला नको वाटतं म्हणाले. पण तेच बोलणं आवाज आणि चेहरा काढून नुसतं लिहून वाचायला दिलं तर तो फरक उरला नाही. म्हणजे तू काय बोलतेस त्यात खोट नाही, ते ज्या चेहऱ्यातून आणि आवाजातून येतं त्यावर लोक अडतात. मग मी काय करतो, माझ्याआधी माझं लिहिलेलं पोचेल असं बघतो. नवीन क्लायंट असला की भेटीआधी चार ओळींचा मेल. भेटतो तेव्हा मी त्याला पूर्ण अनोळखी नसतो.

सांगावं का, तर त्याच गटाचा २०१९ चा अभ्यास म्हणतो की निदान आधी सांगितलं तर मत सुधारतं, आणि बघणाऱ्याला ऑटिझमची माहिती जास्त असेल तर जास्त सुधारतं. आता तो अभ्यास काय शिरोलीत झालेला नाही, हे लक्षात ठेव. आपल्याकडं बऱ्याच जणांना ऑटिझम म्हटलं की न बोलणारं लहान पोरगंच डोळ्यापुढं येतं. म्हणून मी शब्द सांगत नाही, गरज सांगतो.

डेमियन मिल्टन म्हणून एक ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, त्यांनाही आपण कळत नाही. मला ते वाचून राग आला होता, इतकी वर्षं एकट्यानंच दुरुस्त व्हायला बघत होतो म्हणून.

पाहुणी_मावशी:
बाळ, तुझी आई बरोबर सांगते. मीही दोन मुलींची लग्नं केलीत. आपल्याकडं पाहुण्यांचे पाहुणे निघतात, शिरोलीत सांगितलेलं संध्याकाळी कागलला पोचतं. अबोल मुलगी चालते लोकांना. डॉक्टरचा कागद चालत नाही. वाईट आहे, पण आहे.

उशिरा_कळलेला:
मावशी, अबोल 'चालते' कुठं, ती वर लिहितेय की तिला माजोरडी ठरवलं. बाकी शब्द सांगू नये ह्यावर माझं तुमचं एकमत आहे, कारणं वेगळी आहेत.

समुपदेशक_पेठेतली:
मी कौन्सेलिंग करते म्हणून थोडं. ऑटिझम आणि अँग्झायटी ह्या दोन्हींना एकच उपाय लावू नका. नजर न देणं ही तुमची पद्धत आहे, ती मोडायची गरज नाही. अँग्झायटी म्हणजे बोलत असताना स्वतःवरच पहारा ठेवणं, हात कुठं गेला, आवाज कसा आला, त्यांना काय वाटलं असेल. क्लार्क आणि वेल्स ह्यांनी १९९५ मध्ये सोशल अँग्झायटीचं जे मॉडेल मांडलं त्यात ह्या पहाऱ्यालाच मुख्य जागा आहे, तोच भीती जिवंत ठेवतो. म्हणून लक्ष बाहेर टाकायला एक काम द्यायचं. ओळखीच्या राउंडच्या वेळी प्रत्येकाला एकच विचारा, "लॅबकडून तुम्हाला काय लागतं?" आणि वहीत लिहून घ्या. लिहिताना खाली बघितलेलं कुणाला खटकत नाही. (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, घेणार असाल तर थेरपिस्टला ऑटिझमचं आधी सांगा, नाहीतर ते नजर मिळवायचाच गृहपाठ देतील.)

आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. पण प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, पुण्याचा कागद पुरत नाही. यूडीआयडीचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात, आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलला चौकशी करा. काढून ठेवलं म्हणजे लगेच कुणाला दाखवायलाच पाहिजे असं नाही.

चिल_सॅम्पल:
सगळ्यांना थँक्यू. इअरप्लगचं डोक्यातच आलं नव्हतं, आधीच्या ऑफिसात घालायचे तर लोक बघत राहायचे. वहीचं करणार. लॅब इनचार्जना रविवारी हा मेल टाकू का बघा:

"नमस्कार सर, उद्यापासून लॅबला जॉइन होतेय. अनोळखी लोकांत मी कमी बोलते आणि बोलताना नजर देत नाही, त्याबद्दल माफ करा. तोंडी सांगितलेल्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत टाकल्यात तर काम चोख होईल. कामाचं काहीही असेल तर थेट सांगा, मला थेट बोललेलं आवडतं."

कॅन्टीनचा प्रश्न मात्र राहिलाच, तिथं वही नेता येणार नाही.

उशिरा_कळलेला:
मेल छान. 'माफ करा' काढ. काय केलंयस माफी मागायला? आणि रविवारी नको, शनिवारी टाक, सोमवारी सकाळी त्यांनी वाचलेला असला पाहिजे.

भट्टीवाला_बी_शिफ्ट:
कॅन्टीनला पहिल्या पंगतीत जाऊ नका, दहा मिनिटं उशिरा जावा. गर्दी गेलेली असती, आणि उरलेली माणसं जेवताना बोलत न्हाईत.