प्रतिसाद: गुहागरचे घर आणि कॅरॅव्हॅन, दोन्हींसाठी टाकीविरहित गीझर

गुहागरच्या घरासाठी आणि कॅरॅव्हॅनसाठी (राहण्याची सोय असलेल्या वाहनासाठी) टाकीविरहित, म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहतानाच तापवणारा गीझर घ्यावा का, असा मूळ प्रश्न आहे. 'टाकी नाही, म्हणजे गरम पाणी संपणार नाही' हे त्यावरच्या एका प्रतिसादातील विधान बरोबर असले, तरी ते पाणी किती धारेने मिळेल हा प्रश्न त्यात सुटून जातो. कोकणात हिवाळ्यातही घराच्या पाण्याच्या टाकीतले पाणी समजा २५ अंशांचे असेल आणि ते ४० अंशांवर न्यायचे असेल, तर ३ किलोवॅटच्या विजेच्या गीझरमधून मिनिटाला जेमतेम पावणेतीन लिटर पाणी मिळते. बादलीला ते पुरते, शॉवरला नाही. त्यातच पावसाळ्यात विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टवर घसरला, की शक्ती या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तोच गीझर १.८ किलोवॅटचा उरतो. (न्हाणीतल्या चुलीला ही अडचण नव्हती, धूर मात्र होता.)

घरासाठी म्हणूनच मी गॅसचा गीझर सुचवेन, पण तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत आणि पावसापासून आडोशाला बसवावा, कारण बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घराची पाण्याची टाकी गीझरपेक्षा एक मीटर उंचावर असल्यास पाण्याचा दाब फक्त ०.१ बार मिळतो, तेव्हा गीझर चालू होण्यास लागणारा किमान दाब खरेदीपूर्वीच तपासावा.

कॅरॅव्हॅनमध्ये १२ व्होल्टवर ३ किलोवॅट म्हणजे २५० अँपिअर इतका मोठा विद्युतप्रवाह; बॅटरीवर पाणी तापवण्याचा विचार सोडावा. तिथे ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, वाहनासाठीच बनवलेला गॅस हीटर हवा. घरगुती गीझर आत टांगणे धोक्याचे आहे.