मदत हवी आहे: विनातारण कर्ज नामंजूर, आता काय करू?
मंडळी, वैयक्तिक कर्जाचा अर्ज बँकेने नाकारला. कारण विचारलं तर "अंतर्गत निकषांत बसत नाही" एवढंच उत्तर. यातून माणसाने काय समजायचं?

पगार नियमित आहे, आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. नोकरी मात्र 6 महिन्यांपूर्वीच बदलली, आणि क्रेडिट कार्डाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली जाते (बिल दरमहा सगळं भरतो, तरीही). त्यात पहिल्या नकारानंतर घाईघाईत आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकले. अशा प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट अहवालात (आपली कर्जं आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदींचा अहवाल) नोंदली जाते, हे नंतर कळलं. तिथूनही नकारच.

मग अहवाल मागवला, तर 3 वर्षांपूर्वी फेडलेलं एक छोटं कर्ज त्यात अजून चालू दिसतंय! फेडल्याचा दाखला माझ्याकडे आहे. दुरुस्तीसाठी आधी कर्ज देणाऱ्याला गाठू, की थेट अहवाल बनवणाऱ्या संस्थेकडे तक्रार करू? तोवर सहअर्जदार घेऊन पुन्हा प्रयत्न करावा, की काही महिने गप्प बसावं?

"हमखास मंजुरी, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांचे फोन येतायत. त्यांच्या वाटेला जाणार नाही. कोणी अशी चुकीची नोंद दुरुस्त करून घेतली असेल तर किती दिवस लागले, तेवढं नक्की सांगा.