कृपा की हक्क?

प्रश्न: वीस वर्षं संडे स्कूल घेतेय, चर्चच्या सतरंज्यापण मीच झटकते, आणि कमिटीवर घेतलं कुणाला तर दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या बाईला. खरं सांगते, देवावरच रुसलेय. चुकतंय का माझं?

उत्तर 1: ताई बायबलमधला मत्तय 20 बघा, येशूच्या दाखल्यात द्राक्षमळ्यात कामाला सकाळी आलेल्यांचा एक दिनार ठरलेला होता आणि तो मिळालापण, पोटात दुखलं ते संध्याकाळी पाचला आलेल्यालाही मालकानं कृपेनं तेवढाच दिला म्हणून

उत्तर 2: ठीके, पण कमिटी म्हणजे कृपा नव्हे हो. पाळकांना सरळ विचारा.

उत्तर 3: लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊपण शेतात राबत होता, धाकटा परतल्यावर बापानं मेजवानी दिली तर रुसला, आणि हिशेब काढला कसला तर बापानं कधी न दिलेल्या करडाचा! मीपण तसलाच, आई आजारी होती तेव्हा देवाला माझ्या दशांशाची (चर्चला देतो त्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याची) आठवण करून दिलेली 😅

प्रश्नकर्ती: म्हणजे सतरंज्या हे माझं करडू 🙈 रविवारी बोलते पाळकांशी.